सावली पाणी थंड करते का? : एका गाजलेल्या प्रयोगाची फेरतपासणी

पर्यावरणाच्या तासाला आपण बहुतेक जण एक वाक्य फळ्यावर लिहितो : ‘काठावरची झाडे तोडली की ओढ्याचे पाणी तापते.’ हे वाक्य बरोबर आहे. त्याला आपण आणखी एक वाक्य सहज जोडून टाकतो : ‘कारण झाडांची सावली पाणी थंड करते.’ माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकदा या दुसऱ्या वाक्यावर नेमके बोट ठेवले. ती म्हणाली, “सर, आमच्या घरची पाण्याची टाकी दिवसभर सावलीतच असते. ती थंड कुठे होते? तापत नाही एवढेच.”

मी त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की मुलीचे म्हणणे अगदी रास्त होते. शिवाय ही गफलत फक्त आपल्या फळ्यावरची नाही. या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोगही अनेकदा असाच सैलपणे वाचला गेला आहे. त्या प्रयोगाने नेमके काय सिद्ध केले, काय केले नाही, आणि त्याच्या नावावर नंतर काय काय खपवले गेले, हे या लेखात तपासून पाहू.

त्याआधी, ओढ्याच्या तापमानाची एवढी चिंता कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १४ अंश सेल्सियसला एक लीटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २९ अंशांना तो पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. दुसरीकडे, पाणी तापले की माशाच्या शरीरातल्या क्रियांचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. सामन आणि ट्राउट हे थंड पाण्याचे मासे या कात्रीत सर्वांत आधी सापडतात.

तीन ओढे, पंधरा वर्षे

अमेरिकेच्या वायव्य भागात ओरेगन हे राज्य आहे. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत डोंगररांग आहे. वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाची आठवण व्हावी असा. फरक इतकाच की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच ओढे सर्वांत बारीक झालेले असतात.

या रांगेत अल्सी नदीच्या खोऱ्यात १९५९ ते १९७३ या काळात तीन छोट्या ओढ्यांवर एक प्रयोग झाला. फ्लिन क्रीकचे पाणलोट क्षेत्र सुमारे २०० हेक्टर, डीअर क्रीकचे सुमारे ३०० आणि नीडल ब्रांचचे सुमारे ७० हेक्टर. पहिली सात वर्षे तिन्ही ओढ्यांत काहीही ढवळाढवळ न करता फक्त मोजमाप केले : प्रवाह, तापमान, गाळ, मासे. मग १९६६ साली फ्लिन क्रीकचे जंगल तसेच ठेवले. डीअर क्रीकच्या सुमारे एक चतुर्थांश भागात तुकड्या-तुकड्यांनी वृक्षतोड केली आणि ओढ्याच्या काठी झाडाझुडपांचे पट्टे राखले. नीडल ब्रांचमध्ये मात्र बहुतेक सगळे जंगल काठापर्यंत तोडले, पात्रात पडलेल्या फांद्या-ओंडके बाजूला काढले आणि उरलेला पाचोळा जाळून टाकला.

जॉर्ज ब्राउन आणि जेम्स क्रायगियर यांनी तापमानाचे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध केले. नीडल ब्रांचचे वर्षातले कमाल तापमान तोडीपूर्वी ५७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १४ अंश सेल्सियस होते. तोडीनंतर एका वर्षात ते ८५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २९ अंश सेल्सियसच्या पुढे गेले. महिन्यांची सरासरी कमाल तापमाने १४ अंश फॅरनहाइटने (सुमारे ८ अंश सेल्सियसने) वाढली. डीअर क्रीकमध्ये मात्र वृक्षतोडीमुळे झाला असे म्हणता येईल असा बदल दिसला नाही.

हा निकाल इतका ठसठशीत होता की पाठ्यपुस्तकांत जायला वेळ लागला नाही. १९७१ साली ओरेगनने वनकामाचे नियमन करणारा कायदा केला. अमेरिकेतला त्या प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. ओढ्याकाठी झाडांचा पट्टा राखणे ही कल्पना त्यानंतर जगभर पसरली, आणि तिच्या पाठीशी अल्सीचे आकडे उभे होते.

प्रयोगाचे बळ कशात आहे?

टीका करण्याआधी दाद द्यायला हवी. मुलांना प्रयोगाची रचना शिकवायची असेल तर यासारखे उदाहरण सहसा मिळत नाही. नुसते ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजले असते तर कोणीही म्हणाले असते की ते साल जास्त उन्हाचे असेल. नुसते ‘तोडलेला’ आणि ‘न तोडलेला’ ओढा मोजला असता तर म्हणता आले असते की दोन ओढे मुळातच वेगळे आहेत. इथे दोन्ही तुलना एकत्र आहेत. सात वर्षांच्या नोंदींवरून दोन ओढ्यांमधले नेहमीचे नाते ठरले. तोडीनंतर ते नाते बिघडले का, हे पाहता आले. फ्लिन क्रीक हा जणू या प्रयोगाचा साक्षीदार.

ब्राउन यांनी याच सुमारास, १९६९ साली, ओढ्याच्या उष्णतेचा जमाखर्चही मांडला. उघड्या ओढ्याला दुपारी मिळणाऱ्या उष्णतेत सूर्यप्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो. हवेतून मिळणारी आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता त्यामानाने थोडी असते, असे त्यांना आढळले. त्यांचे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतके सोपे आहे : तापमानातली वाढ म्हणजे मिळालेली उष्णता भागिले पाण्याचे वस्तुमान आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ओढ्याचा ५०० मीटर लांब आणि १ मीटर रुंद तुकडा. प्रवाह सेकंदाला १० लीटर. दुपारी प्रत्येक चौरस मीटरला सेकंदाला ७०० ज्यूल उष्णता मिळते. म्हणजे ५०० चौरस मीटरला सेकंदाला ३,५०,००० ज्यूल. ही उष्णता १० किलो पाण्यात जाते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. भागाकार करा : वाढ येते ८.३ अंश. आता दाट सावली टाका आणि उष्णता एक दशांशावर आणा. वाढ येते ०.८ अंश. सावलीचा प्रभाव केवढा, हे दोन आकड्यांतच दिसते.

पण आता या सूत्राकडे पुन्हा नीट पाहा. सावली जास्तीत जास्त काय करते? वाढ शून्याजवळ आणते. ती उणे करत नाही. मुलीची टाकी ती हीच!

इथे कोणी माठाची आठवण करून देईल. माठ सावलीत ठेवल्यावर गार होतोच की! पण माठ गार होतो तो सावलीमुळे नाही, तर त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्प होते म्हणून. ओढ्याच्या पृष्ठभागावरूनही बाष्पीभवन होते. मात्र दाट जंगलात हवा दमट आणि वारा पडलेला, म्हणजे माठाला नको असलेलीच परिस्थिती असते. वरून येणारे गरम पाणी सावलीत शिरल्यावर थोडी उष्णता गमावेलही, पण ते त्या सावलीत राहणार तासभर. तेवढ्यात ते कितीसे निवणार?

पहिली शंका : एका घावात तीन गोष्टी

नीडल ब्रांचमध्ये झाडे तोडली, पात्र साफ केले आणि जाळही केला. हे सगळे काही महिन्यांच्या अंतराने झाले. मग १५ अंशांची वाढ कोणाच्या नावावर लिहायची? आपण ती सरसकट ‘वृक्षतोडी’च्या नावावर लिहितो. ओरेगनमध्येच एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात लेव्हनो आणि रॉथकर यांनी १९६९ साली दाखवले की तिथल्या एका ओढ्यात तापमानाची मोठी उडी तोडीनंतर लगेच नव्हे, तर मागे राहिलेल्या फांद्या आणि झुडपे जाळल्यानंतर आली. आडव्या पडलेल्या फांद्याही सावली देतच होत्या.

माशांच्या बाबतीतही हेच. नीडल ब्रांचमधल्या कटथ्रोट ट्राउटची संख्या तोडीनंतर आधीच्या सुमारे एक तृतीयांशावर आली. पण कोहो सामनच्या पिलांमध्ये तशी घट दिसली नाही. पात्रात पाला कुजल्याने प्राणवायू घटला होता, गाळही वाढला होता. तेव्हा ‘पाणी तापले म्हणून मासे मेले’ असे एका ओळीत लिहिणे म्हणजे प्रयोगाने न दिलेले उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय.

दुसरी शंका : जमिनीखालचे पाणी हिशेबाबाहेर

ही शंका जास्त मूलभूत आहे. वरच्या सूत्रात प्रवाह एकच आहे : वरून येतो तेवढाच खाली जातो. वाटेत कुठून काही मिळत नाही. पण कोरड्या उन्हाळ्यात ओढा वाहतो तोच मुळी भूजलावर! पाऊस नाही, बर्फ नाही. मग धार येते कुठून? डोंगराच्या मातीत आणि खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी हळूहळू पाझरते, तीच ती धार.

या पाण्याचे तापमान ओढ्यासारखे दिवसरात्र वरखाली होत नाही. काही मीटर खोलीवरच्या भूजलाचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास राहते. म्हणून आपल्याकडे विहिरीचे पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट लागते आणि उन्हाळ्यात दुपारी गार लागते. पाणी तेच, बदलते ती बाहेरची हवा. ओरेगनमध्ये मेटोलियस नावाची नदी आहे. ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकांतून मोठ्या झऱ्याने ती एकदम बाहेर पडते. तिच्या उगमाशी पाणी वर्षभर ९ अंश सेल्सियसच्या आसपास असते.

आता आपल्या काल्पनिक ओढ्यात हे पाणी मिसळू. ओढ्यात सेकंदाला १० लीटर पाणी २२ अंशांचे आहे. तळातून ५ लीटर पाणी १२ अंशांचे येऊन मिळाले. मिश्रणाचे तापमान : २२ गुणिले १०, अधिक १२ गुणिले ५, भागिले १५. उत्तर १८.७ अंश. म्हणजे सव्वातीन अंशांची खरी घट. शिवाय प्रवाह दीडपट झाला, म्हणून पुढे तेवढ्याच उन्हात वाढही ८.३ऐवजी ५.६ अंशच होईल. सावलीला जे करता येत नाही ते भूजल दोन प्रकारे करते : पाणी थंड करते आणि पुढचे तापणेही कमी करते.

मोजल्यावर काय दिसले?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अँथनी स्टोरी, डॅन मूर आणि जे. एस. मॅकडोनाल्ड यांनी २००० सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन ओढे तपासले. निष्कर्ष २००३ साली छापले. तोडलेल्या जागेतून तापून आलेले पाणी खालच्या दाट सावलीत शिरल्यावर दोनेकशे मीटरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड होत असे. ‘बघा, सावलीने थंड केले!’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. त्यांनी उष्णतेचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले ते उलटेच. दाट सावलीतही बहुतेक दुपारी पाण्याला वरून उष्णता मिळतच होती. मग थंडावा कुठून? एका ओढ्यात वरचे गरम पाणी वाटेतच जमिनीत जिरत होते आणि खाली दिसणारे पाणी मुख्यतः नव्याने आलेले भूजल होते. दुसऱ्या ओढ्यात एका दुपारच्या हिशेबानुसार थंडाव्यातला सुमारे ४० टक्के वाटा भूजलाचा होता. उरलेला सुमारे ६० टक्के पात्राच्या तळाने शोषलेल्या उष्णतेचा आणि वाळू-गोट्यांतून खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या पाण्याचा.

शेरी जॉन्सन यांनी अँड्र्यूज जंगलात याहून थेट प्रयोग केला. उघड्या ओढ्याच्या दीडशे मीटर लांबीवर काळ्या प्लॅस्टिकचे छत टाकून त्यांनी कृत्रिम सावली केली. २००४ साली छापलेला निष्कर्ष असा : कमाल तापमान स्पष्ट घटले, पण किमान आणि सरासरी तापमान बदलले नाही. त्याच ओढ्यात नुसता कातळ असलेला भाग आणि त्याखालचा गोटे-वाळूचा भाग यांची तुलना केली, तर कातळावर कमाल तापमान ८ अंशांहून जास्त वर, आणि किमान तापमान ३ अंशांहून जास्त खाली जात होते. गोट्यांच्या थरातून पाणी गाळत-गाळत गेले की दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा एकमेकांत मिसळतात. म्हणजे पात्राचा तळही या खेळात एक गडी आहे.

तिसरे उदाहरण स्कॉटलंडमधल्या गर्नॉक बर्न या ओढ्याचे. तिथे पाणी उघड्या माळावरून जंगलात शिरते, आणि दुपारी खालच्या टोकाला पाणी वरच्यापेक्षा थंड सापडते. त्या तुकड्यात भूजलाची भर नगण्य. मग ही तर सावलीचीच किमया असेल? ग्रेस गार्नर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याचा उलगडा केला. खालच्या टोकाला दुपारी मोजलेले पाणी माळावरून निघाले होते ते आधीच्या, कमी उन्हाच्या वेळी. जंगलातून येताना ते थंड झालेच नव्हते. फार तापले नव्हते इतकेच. वरच्या टोकाला त्याच क्षणी मोजलेले पाणी मात्र नंतर निघालेले, जास्त उन्ह खाल्लेले होते. दोन ठिकाणी एकाच वेळी तापमापी बुडवून आपण दोन वेगवेगळ्या पाण्यांची तुलना करत होतो!

शिक्षक म्हणून मला या तीन अभ्यासांतला हा शेवटचा सर्वांत मोलाचा वाटतो. आकडे खरे, तापमापी बरोबर, तरीही अनुमान चूक. असे कसे होते, हे याहून स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

तिसरी शंका : ‘पूर्ववत झाले’ म्हणजे काय?

नीडल ब्रांचच्या काठी अल्डरची झाडे झपाट्याने वाढली आणि काही वर्षांत कमाल तापमान पुन्हा खाली आले. अहवालाच्या भाषेत ओढा पूर्ववत झाला. पण डोंगरावर लावलेली डग्लस फरची तरणी झाडे वाढत होती, आणि ती भरपूर पाणी पितात. २०१७ साली टिमोथी पेरी आणि ज्युलिया जोन्स यांनी ओरेगनमधल्या जुन्या नोंदी तपासून दाखवले की ३४ ते ४३ वर्षांच्या अशा लागवडीखालच्या ओढ्यांचा उन्हाळी प्रवाह जुन्या जंगलातल्या ओढ्यांच्या तुलनेत सरासरी निम्मा होता. २०२० साली कातालिना सेगुरा आणि सहकाऱ्यांना अल्सीच्या खोऱ्यातही तेच आढळले : १९६६ नंतर वाढलेल्या ४० ते ५३ वर्षांच्या लागवडीमुळे उन्हाळी प्रवाह सुमारे ५० टक्क्यांनी कमी.

म्हणजे सावली परत आली, पण पाणी अर्धे राहिले. केवळ कमाल तापमान हाच निकष धरला तर हा तोटा दिसतच नाही. आणि आपले सूत्र आठवा : प्रवाह अर्धा झाला तर तेवढेच ऊन दुप्पट तापवते. पूर्ववत दिसणारा ओढा आता आधीपेक्षा नाजूक झालेला असतो. झाडे म्हणजे पाणी आणि सावली दोन्ही देणारी अशी आपली सरसकट समजूत असते. इथे तीच झाडे एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने घेतात. किती घेतात हे झाडाची जात, वय आणि दाटी यांवर ठरते.

मग जमीन कशी वापरायची?

अल्सीचा निकाल काठावरच्या पट्ट्यांना पुरावा देतो, आणि तो पुरावा आजही टिकून आहे. ‘सावली पाणी थंड करत नाही’ याचा अर्थ ‘काठावरची झाडे तोडायला हरकत नाही’ असा कोणी काढला तर ती पहिल्यापेक्षा मोठी चूक होईल. तापलेले पाणी नंतर थंड करणे अवघड, म्हणून तर ते तापू न देणे इतके महत्त्वाचे!

माझी तक्रार आहे ती ‘पट्टा राखला की झाले’ या समजुतीबद्दल. जॉर्जिया राज्यातल्या सौम्य उताराच्या प्रदेशात ह्यूलेट आणि फॉर्टसन यांनी १९८२ साली अशा एका ओढ्याची हकीकत मांडली. काठावर पट्टा राखूनही पाणी ब्राउन यांच्या पद्धतीने काढलेल्या अंदाजापेक्षा खूपच जास्त तापले. त्यांचा कयास असा की मागची जमीन उघडी पडल्याने तिच्याखालचे उथळ भूजलच तापून ओढ्यात येत होते. ऊन ओढ्यावर न पडता शेजारच्या जमिनीवर पडले, तरी ते पाझरत ओढ्यापर्यंत पोचले.

दुसरे उदाहरण पात्राच्या तळाचे. ओरेगनमध्ये १८८०च्या दशकापासून १९५०च्या दशकापर्यंत ओंडके वाहून नेण्यासाठी ओढ्यांवर लाकडी बांध घालत, पाणी साठवत आणि एकदम सोडत. त्या लोंढ्यांनी अनेक ओढ्यांतले गोटे-वाळू वाहून गेले आणि खाली कातळ उघडा पडला. जॉन्सन यांच्या कातळाच्या तुकड्याची आठवण करा. अशा ओढ्याच्या काठी कितीही झाडे लावली तरी तळातला गाळणीचा थर झाडे परत आणणार नाहीत.

आणि तिसरी गोष्ट उपशाची. विहिरी आणि बोअरमधून उपसा वाढला, पाणी मुरण्याची जागा काँक्रीटने झाकली, की ओढ्याला मिळणारा पाझर घटतो. काठावरची सावली मोजणाऱ्या तपासनिसाच्या कागदावर सगळे ठीक दिसेल. झाडे जागेवर आहेत. जे नाहीसे झाले ते त्याच्या रकान्यातच नव्हते. आपण काय मोजतो यावर आपण काय वाचवतो हे ठरते. म्हणून ‘सावली थंड करते’ ही शब्दांची किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

पहिले : दोन सारखी पसरट भांडी, सारखे पाणी, दोन तापमापी. एक उन्हात, एक सावलीत. दर अर्ध्या तासाने नोंद. मुलांना आलेख काढायला सांगा आणि विचारा : सावलीतले पाणी थंड झाले की कमी तापले? मग सावलीतल्या भांड्यात विहिरीचे ताजे पाणी मोजून ओता. मिश्रणाचे तापमान आधी गणिताने काढायचे, नंतर मोजायचे. दिवस कोरडा आणि वाऱ्याचा असेल तर सावलीतले भांडे एखाद्या अंशाने खाली उतरेलही. ते लपवू नका; माठाची चर्चा तिथेच करा.

दुसरे : गावाजवळ पावसाळ्यानंतर वाहता राहणारा ओढा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्याचे तापमान पहाटे आणि दुपारी, तीन-चार ठिकाणी घ्या. शेजारच्या विहिरीचेही घ्या. पहाटे आणि दुपारी जिथे फरक सर्वांत कमी पडतो, तिथे तळातून पाझर येत असण्याची शक्यता आहे. मुले हातानेच शोधतील. मात्र ओरेगनचे आकडे आपल्या ओढ्याला लावू नका. तिथला खडक मुख्यतः वालुकाश्म, आपल्याकडे बऱ्याच भागात काळा कातळ; तिथला पाऊस हिवाळ्यात, आपला पावसाळ्यात; आणि आपले कितीतरी ओढे चैत्रापर्यंत आटलेले असतात. उसनी घ्यायची ती विचारण्याची रीत, उत्तरे नव्हेत.

मी आता फळ्यावर वाक्य बदलून लिहितो : ‘काठाची सावली ओढ्याला तापू देत नाही, जमिनीत मुरलेले पाणी त्याला थंड ठेवते, आणि दोन्ही गोष्टी आपण जमीन कशी वापरतो यावर अवलंबून असतात.’ वाक्य लांब झाले, पाठ करायला अवघड झाले. पण टाकीचा प्रश्न विचारणारी मुलगी समोर असेल, तर हे वाक्य तिच्यापुढे उभे राहू शकेल.